दुसऱ्या गाडीचे जादा किलोमीटर

१

‘सदर वाहन विमाधारकाच्या संमतीशिवाय, त्याने नेमलेल्या चालकाने भाडोत्री वाहतुकीसाठी वापरल्याचे निष्पन्न झाले असून, वापराची मंजूर मर्यादा त्यामुळेच ओलांडली गेली आहे. सबब नुकसानभरपाईचा दावा अमान्य करण्यात येत आहे.’

विमा कंपनीच्या अन्वेषकाने लिहिलेल्या या वाक्यांत एक वस्तुस्थिती आहे आणि दोन अफवा. गाडी ठरल्यापेक्षा जास्त फिरली, ही वस्तुस्थिती. ती मीटरवर दिसते. ती चालकाने फिरवली आणि भाड्याने फिरवली, या अफवा. त्या कुठेही दिसत नाहीत. म्हणूनच त्यांना ‘निष्पन्न झाले’ हे क्रियापद लागले. काय निष्पन्न झाले ते सांगायचे, पण कोणी आणि कशावरून, ते सांगायचे नसले की सरकारी आणि निमसरकारी मराठीत हे क्रियापद फार कामी येते.

डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी असला पाहिजे, हे आमच्या न्यायशास्त्राचे अतिजुने उदाहरण. आयुष्यभर मी ते महाविद्यालयात शिकवले. या अन्वेषकाने त्यात स्वतःची भर घातली होती: धूर दिसतो, म्हणून अग्नी आहे, आणि तो नोकराने लावला.

“अस्तनीतला निखारा निघाला हो, मावशी,” निहार म्हणाला आणि पत्र माझ्यासमोर ठेवले.

निहार माझ्या वरच्या मजल्यावर राहतो. मुलुंडच्या आमच्या इमारतीत तो हुशार म्हणून ओळखला जातो, आणि ते खोटे नाही. घरात तो, त्याची बायको श्रुतिका, वडील नंदकुमार आणि आई जयंती. मोठी, आपोआप गियर बदलणारी गाडी घेऊन नवराबायको रोज साकीनाक्याच्या ऑफिसात जातात. जयंतीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर, तिला फिजिओथेरपीला नेण्यासाठी त्यांनी एक छोटी, हाताने गियर बदलायची जुनी गाडी घेतली. ती चालवायला दशरथ मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी येई. इमारतीतल्या आणखी काही घरांत तो असाच वारावर गाडी चालवी. मला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तोच नेई.

या दुसऱ्या गाडीसाठी स्वस्त विमा शोधण्यात निहारने जेवढी बुद्धी खर्च केली, तेवढ्यात एखाद्याचा प्रबंध झाला असता. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत पहिल्या गाडीला चिकटलेली होती. ती दुसरीला चालत नाही हे कळल्यावर तो काही दिवस उदास होता. मग त्याला किलोमीटरवरचा विमा सापडला. कमी फिरा, कमी भरा. त्यातली सर्वांत खालची पायरी त्याने घेतली. मर्यादा ओलांडली की तिसऱ्या माणसाच्या नुकसानीचा विमा चालू राहतो, पण आपल्या गाडीची भरपाई बंद होते.

जेवणाच्या टेबलावर त्याने हा विजय जाहीर केला तेव्हा मी पाहुणी होते. “आई जाते कुठे?” तो म्हणाला होता. “फिजिओ, आणि परत.”

गेल्या महिन्यात बसने अचानक ब्रेक मारला, दशरथने मारला, मागच्या टेंपोने मारला नाही. गाडी दोन्हीकडून चेपली. आतल्या जयंतीला खरचटलेही नाही. दशरथची चूक नव्हती, हे कंपनीलाही मान्य होते. पण गॅरेजमध्ये कंपनीच्या माणसाने मीटर पाहिले, आणि ते मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेलेले होते.

“रविवारी सोसायटीची मीटिंग आहे,” निहार म्हणाला. “दशरथविरुद्ध पोलिसात तक्रार द्यायची, असा ठराव आहे. तुम्ही सगळ्यात ज्येष्ठ. अनुमोदन तुमचं.”

मी पत्राची घडी घातली आणि म्हणाले, “अनुमोदन देण्याआधी अनुमान तपासायची मला वाईट खोड आहे.”

दशरथला एका शाळेच्या बसवर कायमची नोकरी मिळाली होती. फक्त पोलिसांची पडताळणी बाकी होती.

२

दशरथ आला तो दारातच उभा राहिला. खुर्चीवर बस म्हटले तर म्हणाला, “नको बाई. सगळे बघतायत, कोण कोणाकडे जातो ते.”

“बघू देत. बस. किल्ली कुठे असायची?”

“जयंतीकाकींकडे. दारात घ्यायची, दारात द्यायची. दुसरी साहेबांच्या कपाटात.”

“अन्वेषक म्हणतो, तू तिसरी बनवलीस.”

“तो माझ्याशी बोललाच नाय बाई. साहेबांशी बोलला, चहा प्यायला नि गेला.”

“आणि काकींशी?”

“त्या आत होत्या. त्यांना कोण विचारणार?”

मी त्याला त्याच्या कामाचा क्रम सांगायला लावला. गाडी लावण्यापर्यंत तो आला तेव्हा त्याचा आवाज जरा मोकळा झाला. निर्दोष माणसाला आपले काम सांगताना बरे वाटते.

“दुसऱ्या गाडीला जागा कुठाय बाई? पार्किंगमध्ये एका घराला एक. म्हणून ती हर्षदसाहेबांच्या गाडीसमोर आडवी लावायची. न्यूट्रलला, हँडब्रेक सोडून, चाकं सरळ. त्यांना जायचं असलं की ते हाताने ढकलतात, आपली काढतात. सगळ्या बिल्डिंगींत असंच.”

मुंबईच्या उपनगरांत घरटी दुसरी गाडी आली, तेव्हापासून हा आचार रुळला आहे. कुठल्याही नियमात तो नाही. पहिल्या गाडीला जागा असते. दुसरीला इतरांनी ढकलण्याची तयारी ठेवावी लागते.

“कधी विसरलास?”

“विसरलो तर दुसऱ्या दिवशी काम जाईल. पण साहेब मला त्याच्यावरूनच ओरडायचे. दोन-चारदा ओरडले. गाडी गियरमध्ये ठेवून गेलास, हर्षद अडकला. मी म्हटलं, मी नाय. तर म्हणाले, मग काय भुताने ठेवली?”

“तू काय म्हणालास?”

“काय म्हणणार?” दशरथ मालवणजवळच्या गावचा. इतका वेळ जपलेली शहरी भाषा त्याच्या तोंडातून निसटली. “पण बाई, भूत असात तर त्याका गाडी चालवूक येता.”

३

हर्षद जुहूच्या एका हॉटेलात दुपारपाळीचा व्यवस्थापक आहे. चारच्या सुमारास तो निघतो. मी त्याला पार्किंगमध्येच गाठले.

“मॅडम, दुसरी गाडी घ्यायची तर घ्या ना, माझ्या नाकासमोर कशाला?” तो म्हणाला. “गॅरेजमध्ये गेलीय तर इतकं शांत वाटतंय, यार! नाहीतर रोज ढकला. आणि ढकलायला गेलं की हलतच नाही. एकदा तर मी रिक्षाने गेलो जुहूपर्यंत. वाट लागली माझी.”

“रोज हलत नसे?”

“रोज नाही. मंगळवारी आमचं ब्रीफिंग असतं, तेव्हा जरा लवकर निघतो. मंगळवारी कधी अडकलो नाही. लोण्यासारखी जायची. शुक्रवारीसुद्धा. बाकी दिवशी नशीब.”

“तक्रार कुणाकडे केलीस?”

“निहारकडे, फोनवर. ग्रुपवर कशाला टाकू? शेजारी आहेत. तो म्हणाला, ड्रायव्हरला झापतो. झापलंही असेल. पण फरक शून्य. ह्या लोकांना अक्कल नसते, मॅडम.”

“असं तुझं निरीक्षण आहे की मत?”

“दोन्ही सेमच ना?” तो हसला आणि गाडीत बसला.

दोन्ही एक नव्हेत. निरीक्षण असे होते: दशरथ ज्या दिवशी येई, त्या दिवशी गाडी ढकलता येई. तो येत नसे, त्याच दिवशी ती अडे. मत मात्र असे, की अडवणारा दशरथ. चोरून गाडी नेणारा माणूस परत आल्यावर ती जशी होती तशीच ठेवण्याची सर्वांत जास्त काळजी घेतो. कामाच्या दिवशी जी गोष्ट दशरथचे हात सवयीने करत, तीच चोरीच्या दिवशी विसरून त्याने शेजाऱ्याची बोंब ओढवून घेतली, आणि बोलणी खाऊनही पुन्हा पुन्हा ओढवून घेतली, असे मानायला अन्वेषकाची प्रतिभा हवी.

फाटकावर माणूस नव्हता. सोसायटीने काटकसर म्हणून दिवसाचा रखवालदार काढला आहे. गाडीच्या काचेवरची सोसायटीची चिठ्ठी यंत्र वाचते आणि दांडा आपोआप वर जातो. कॅमेऱ्यांत जुने चित्रण राहत नाही. उरले होते ते एवढेच. दुपारी कोणीतरी ही गाडी नेत असे. त्याच्याकडे खरी किल्ली होती. गाडी उभी करताना ती गियरमध्ये ठेवावी, हे त्याच्या अंगात मुरलेले होते. आणि हर्षदची तक्रार त्याच्या कानावर कधीच गेली नव्हती.

निहारच्या घरात असे कोण होते, की ज्याला कोणी काही सांगत नसे?

४

शनिवारी त्यांच्याकडे चहाला गेले. जयंती सोफ्यावर बसली होती, पाय समोरच्या स्टुलावर. आमची मैत्री जुनी. आम्ही दोघी एकाच वर्षी या इमारतीत आलो.

“एक बालिश प्रश्न आहे,” मी म्हणाले. “गाडी लावल्यावर, उतरण्याआधी, तुम्ही शेवटी काय करता?”

“मावशी, आता तुम्ही पण अन्वेषक?” निहार हसला. “पार्किंगचं पी दाबतो, बंद करतो. आमच्या गाडीत दुसरं काही नसतंच.”

“मला तर तेवढंच येतं,” श्रुतिका म्हणाली. “त्या छोट्या गाडीत बसले तर क्लच कुठला नि ब्रेक कुठला, तिथपासून सुरुवात. निहारने एकदा शिकवायला घेतलं होतं. त्या दिवशी आमचं लग्न मोडायचंच बाकी होतं.”

“आणि तुम्ही?”

“मी?” नंदकुमार वर्तमानपत्रामागून म्हणाले. “मी जन्मात गाडी चालवली नाही. मी उतरतो नि दरवाजा आपटतो, आणि त्याबद्दल ओरडा खातो. या घरात चालवणारी खरी हीच होती. पाचगणीची ना! लग्नाआधी माझ्या सासऱ्यांची जीप घेऊन घाट उतरायची. मला बघायला आले तेव्हा हीच चालवत आली होती. मी घाबरून हो म्हटलं.”

“काहीतरीच तुमचं,” जयंती म्हणाली.

“आता बघा. लिफ्टशिवाय हलत नाही.”

“आईचा गुडघा असा,” निहार म्हणाला, “क्लच काय दाबणार ती!”

वर्षभर फिजिओथेरपी केल्याने माणूस बरा होतो, ही शक्यता त्या घरात कोणाच्या मनात आलेली दिसत नव्हती. उपचाराला नेणे हे त्यांनी कर्तव्य मानले होते. गुण येणे हा त्या कर्तव्याचा भाग नव्हता.

“घाटात तू काय करायचीस गं, जयंती?” मी विचारले. “गाडी थांबवल्यावर?”

“इतकं जुनं कुणाला आठवतंय,” ती म्हणाली.

पण तिचा डावा हात सोफ्याच्या कडेवरून उचलला गेला होता. मूठ अलगद वळली, थोडी डावीकडे गेली आणि पुढे सरकली. पहिला गियर. उतारावर गाडी घरंगळू नये म्हणून.

तिने हाताकडे पाहिले. मग माझ्याकडे. मग हात पदराखाली घेतला.

५

संध्याकाळी ती माझ्याकडे आली. लिफ्ट वापरली नव्हती. जिन्यावरची तिची पावले मला ऐकू आली. ठाम होती.

“तू पोलिसात भरती का नाही झालीस गं, शर्मिष्ठा? एवढी अक्कल इथे वाया घालवलीस.”

“कुठे जायचीस?”

“आरे कॉलनीत.” तिने सरळ सांगितले, जणू भाजीला गेल्याचे सांगावे. “पवईवरून. दुपारी तिथे रस्त्यावर झाडांची सावली असते, आणि मधूनच एखादी बस. गाडी कडेला लावायची, काच खाली करायची. तबेल्याकडून गवताचा वास येतो. थोडा वेळ बसायचं नि परत. हे झोपलेले असायचे. उठायच्या आत मी घरी.”

“गियरमध्ये का ठेवायचीस? इथे उतार कुठे आहे? हर्षदला ती रोज ढकलावी लागते.”

“बाबांनी शिकवलं होतं. हँडब्रेकवर विसंबू नकोस म्हणून. इथे न्यूट्रलला ठेवायची असते, हे मला कुणी सांगितलंच नाही. हर्षद ढकलतो, हे मला आज तुझ्याकडून कळतंय.”

हे खरे होते, आणि म्हणूनच मला अधिक राग आला. एखाद्या माणसाला घरातल्या सर्व बातम्यांपासून इतके दूर ठेवावे, की त्या अज्ञानावरूनच त्याचा गुन्हा ओळखता यावा! निहारने किलोमीटर वाढवून मागितले असते तर कंपनीने थोड्या रकमेत ते फोनवर दिले असते. तशी सोय त्याच विम्यात होती. पण त्यासाठी आई फिरते हे आधी त्याला ठाऊक हवे होते. आणि ठाऊक झाले असते तर त्याने किलोमीटर वाढवले नसते, किल्ली काढून घेतली असती. हे तिला पक्के माहीत होते. मलाही.

तरीही उद्याच्या ठरावावर नाव जयंतीचे नव्हते.

“दशरथची नोकरी अडली आहे,” मी म्हणाले. “तक्रार झाली तर पडताळणी होणार नाही. त्याला शाळेची बस कधीच मिळणार नाही.”

“तुला काय वाटतं, मला झोप लागते?”

“तुझ्या झोपेची चौकशी मी करत नाहीये.”

ती उठली. दारात थांबून म्हणाली, “तू सांग ना उद्या. तुला बोलता येतं.”

“मी सांगितलं तर ते अनुमान होईल. आणि माझ्या अनुमानापेक्षा या इमारतीला अन्वेषकाचं जास्त आवडतं. तू सांगितलंस तर ती साक्ष होईल, शब्दप्रमाण.”

ती जिना चढून गेली. ती येईल की नाही, हे मला त्या रात्री सांगता आले नसते.

६

रविवारी क्लब हाऊसमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. दशरथला बोलावलेले नव्हते. तो फाटकाबाहेर उभा असल्याचे मी येताना पाहिले होते. मी त्याला आत आणले आणि माझ्या शेजारी बसवले. काही जण खुर्च्या सरकवून बसले.

“एक सांगायचं राहिलं बाई,” तो हळूच म्हणाला. “शाळेतनं काल फोन आला. निहारसाहेबांनी त्यांना आधीच कळवलंय, सावध राहा म्हणून. त्यांनी दुसरा माणूस घेतला.”

निहारने आपले नागरी कर्तव्य वेळेआधी बजावले होते. तक्रार, पडताळणी, निकाल यांची वाट पाहत बसणे त्याच्या कार्यक्षम स्वभावात नव्हते. मी दशरथकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हते, आणि तेच पाहवत नव्हते.

ठराव वाचला गेला. सचिवांनी अनुमोदन मागितले आणि सवयीने माझ्याकडे पाहिले. तेव्हा मागच्या रांगेतून जयंती उभी राहिली. निहार म्हणाला, “आई, तू बस, पाय दुखेल.” ती बसली नाही.

ती जे बोलली ते मी घरी येऊन लगेच उतरवून काढले. त्यात माझा एकही शब्द नाही:

“गाडी मी चालवली. गेले कित्येक महिने, दुपारी, एकटीने. दशरथने एक किलोमीटरही जास्त चालवली नाही. निहारने विमा घेतला तेव्हा सगळ्यांसमोर म्हणाला, आई जाते कुठे. मला विचारलं नाही, सांगितलं. माझं उरलेलं आयुष्य किती किलोमीटरचं, ते त्याने सगळ्यात स्वस्त भावात ठरवलं. गुडघा साथ द्यायला लागल्यावर मी बाहेर पडायला लागले. ते मी पुन्हाही करीन. पण कंपनीचा माणूस आला तेव्हा मी आतल्या खोलीत होते आणि मला सगळं ऐकू येत होतं. तो म्हणाला, ड्रायव्हरच असणार. मी दाराशी आले होते. कडीला हात लावला होता. मग मी विचार केला, याला दुसरं काम मिळेल, मला दुसरी गाडी मिळणार नाही. भीतीने गप्प बसले असं कुणी म्हणू नका, मला तेवढी सूट नको. मी नीट विचार करून गप्प बसले. दशरथ, तू मला हात धरून गाडीत बसवायचास, आणि मला माहीत होतं की तू नाहीस. पहिल्या दिवसापासून मला एकटीलाच माहीत होतं.”